येवल्याची अंबू आणि बोलका पडदा

मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या लेखनात एक वाक्य थोड्याफार फरकाने हमखास आढळते. ते असे की, १९३२ साली 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या आणि चित्रपटसृष्टीला प्रतिष्ठा आली. कुलीन घराण्यांतल्या सुशिक्षित स्त्रियांना हे दालन खुले झाले.

या वाक्यात खोटे काही नाही. दुर्गाबाई सॉलिसिटरच्या कन्या, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या. सासरची सांपत्तिक स्थिती ढासळली म्हणून त्या कामाला लागल्या, हौस म्हणून नव्हे. त्यांचे धैर्य कमी लेखण्याचे काही कारण नाही. प्रश्न त्यांचा नाहीच. प्रश्न आहे तो या वाक्याच्या न उच्चारलेल्या अर्ध्या भागाचा. प्रतिष्ठा आली, म्हणजे आधी ती नव्हती. का नव्हती? तर आधी तिथे राबणाऱ्या बाया कुलीन नव्हत्या. बाई एकच, कॅमेरा एकच, तारामतीची भूमिकाही तीच. पण काम करणारीचे कूळ बदलले की धंद्याची कला होते आणि कलेची संस्कृती होते. आपल्याकडच्या प्रस्थापित कलेतिहासाने ही किमया इतक्या वेळा केली आहे, की वाचणाऱ्याला आता ती खटकतसुद्धा नाही.

या वाक्यात न बसणारी एक बाई त्या काळात पडद्यावर होती. १९२८ पासून होती, आणि १९३२ साली तिने स्वतः चित्रपटाच्या निर्मितीत भागीदारी केली. तिचे नाव अंबू सगुण. पुढे जग तिला ललिता पवार म्हणून ओळखू लागले.

ललिता पवार म्हटले की आज डोळ्यांपुढे येते ती खाष्ट सासू. आमच्या मौद्याच्या वर्गातल्या मुलामुलींना हे नाव विचारले तर ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. 'रामायण' मालिकेतली मंथरा म्हटले की लगेच ओळख पटते. त्यांच्या आज्यांनी ती १९८७ साली दूरदर्शनवर पाहिलेली असते आणि त्यांनी स्वतः २०२० च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा दाखवली गेली तेव्हा. या बाईंनी चौदा वर्षे, म्हणजे १९२८ ते १९४२ पर्यंत, बालनटी, नायिका, गायिका आणि निर्माती म्हणून काढली, ही गोष्ट त्यांना सांगितली तर खरी वाटत नाही.

त्या आपल्यातल्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. येवल्याच्या रेशमाच्या सधन व्यापाऱ्याची ती मुलगी. मग आपल्या नियतकालिकात त्यांच्यावर का लिहायचे? कारण पडद्यावर कोणी उभे राहावे आणि कोणी बोलावे याचा निवाडा ज्या वर्षांत झाला, नेमक्या त्या वर्षांत त्यांची कारकीर्द उभी राहिली. तो निवाडा आपल्या बायांच्या विरोधात कसा गेला हे पाहायचे, तर जी आत राहू शकली तिच्याकडेही पाहावे लागते.

थोडे मागे जाऊ. १९१२ च्या सुमारास दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई शोधत होते. जाहिराती झाल्या, वेश्यावस्तीत विचारणा झाली. कोणी तयार होईना. अखेर ग्रँट रोडच्या एका खाणावळीतला आचारी, अण्णा साळुंके, तारामती झाला. हा किस्सा आपण सगळ्यांनी ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी तो विनोद म्हणून सांगितला जातो. पण त्याच शतकाच्या पहिल्या दोन दशकांत याच मुंबईत पठ्ठे बापूरावांचा फड गर्दी खेचत होता, आणि त्या गर्दीचे कारण जेवढे बापूरावांचे कवन तेवढीच पवळाबाई होती. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महार समाजातली पवळा. तिला नुसते पाहायला लोक पैसे मोजत. गाणारी, नाचणारी, हजारो पुरुषांच्या समोर न बुजता उभी राहणारी बाई शहरात असताना चित्रपटाला बाई मिळत नव्हती, या विधानाचा अर्थ आपण काय घ्यायचा? तारामतीला पतिव्रता दिसायचे होते. त्यासाठी मिशा काढलेला पुरुष चालत होता. फडावरची महारीण राणी होऊ शकेल, हा विचारच त्या काळाच्या डोक्यात येण्याजोगा नव्हता.

फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढच्या कमलाबाई गोखले) पडद्यावर आल्या, तेव्हा बायका मिळण्याची वाट मोकळी झाली असे म्हणतात. दुर्गाबाई ब्राह्मण होत्या, पण नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. नवरा सोडलेली बाई आपल्या वर्णाच्या संरक्षणाबाहेर फेकली जाते. तिला पोट भरायला बाहेर पडावेच लागते. १९२० साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सैरंध्री' केला. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी काम केले, आणि त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. गुलाबबाईंचे नाव पडद्यासाठी 'कमलादेवी' झाले. गुलाबची कमला होते, बाईची देवी होते. नाव बदलल्याशिवाय आत प्रवेश नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. आपण नाव बदलले ते स्वतःच्या इच्छेने आणि स्वाभिमानाने. या बायांची नावे बदलली ती मालकाच्या सोयीने.

अंबूचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा, येवल्याचा. नाशिक जिल्ह्यातले हे पैठणीचे गाव. मुलींनी शाळेत जाणे तेव्हा शोभत नसे म्हणून अंबूला रीतसर शालेय शिक्षण मिळाले नाही. व्यापाऱ्याच्या घरात पैसा होता, पण मुलीच्या हाती पाटी नव्हती. मनूचा कायदा श्रीमंताच्या माजघरातही तितक्याच काटेकोरपणे पाळला जात होता. वडिलांबरोबर पुण्यास गेली असता तिथे चित्रीकरण पाहताना दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदारांच्या ती नजरेस पडली आणि त्यांच्या आर्यन फिल्म कंपनीत दाखल झाली. महिना अठरा रुपये पगारावर, असे सांगतात. १९२८ चा 'राजा हरिश्चंद्र' हा तिच्या अगदी सुरुवातीच्या मूकपटांपैकी एक.

या हरिश्चंद्रापाशी जरा थांबले पाहिजे. आपल्याकडचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट १९१३ चा, तो हरिश्चंद्राचा. अंबूची सुरुवात १९२८ ची, तीही हरिश्चंद्राच्याच कथेत. पहिला मराठी बोलपट १९३२ चा, तोही हरिश्चंद्राचाच. वीस वर्षांत तंत्र बदलले, पडदा मुक्याचा बोलका झाला, पण कथा हलली नाही. सत्यवचनासाठी राज्य, बायको, मुलगा घालवणारा राजा म्हणून तिचे कौतुक होते. मात्र या कथेत प्रेक्षकाला रडवणारी जागा कोणती? राजा डोंबाघरी राबतो, ती. स्मशानात प्रेते जाळण्याचे काम राजाला करावे लागले, हे दुःखाचे टोक. जो डोंब पिढ्यान् पिढ्या तेच काम करीत आला, त्याच्यासाठी कोणाच्या डोळ्यांतून टिपूस निघत नाही. राजाला विकत घेण्याइतका पैसा त्याच्या गाठी असला तरी तो डोंबच, आणि राजा विकला गेला तरी राजाच. महाडच्या चवदार तळ्याचा संग्राम १९२७ च्या मार्चमधला, मनुस्मृती जळली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. पुढच्याच वर्षी पुण्यात हरिश्चंद्र पुन्हा एकदा डोंबाघरी उभा राहिला आणि एक लहान मुलगी त्या चित्रपटात कामाला लागली. तिला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. निर्मात्यांना ठाऊक होते की नाही हे त्यांच्या कथेच्या निवडीवरून कळते.

मूकपटाचे एक वैशिष्ट्य असे की, त्यात माणसाची बोली लपून राहते. पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. ज्यांना वाचता येई ते वाचत, बाकीच्यांना थिएटरातला कोणी मोठ्याने वाचून दाखवी. त्या पाट्या शुद्ध भाषेत असत. बाई येवल्याची असो, बगदादी यहुदी असो की अँग्लो-इंडियन, ती पडद्यावर ओठ हलवी आणि प्रेक्षक तिच्या तोंडी राणीची भाषा वाची. म्हणून रूबी मायर्स 'सुलोचना' होऊ शकली आणि आपल्या काळातली सर्वांत मोठ्या मिळकतीची नटी ठरली. मुका पडदा तेवढ्यापुरता उदार होता.

तेवढ्यापुरताच. तो किती उदार होता याचे उत्तर त्रावणकोरात मिळते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जे. सी. डॅनियल यांनी 'विगतकुमारन' हा मल्याळम मूकपट काढला. नायिका पी. के. रोझी. पुलया समाजातली, म्हणजे तिकडच्या अस्पृश्य गणलेल्या जातीतली, शेतमजुरी करणारी, तिकडच्या लोकनाट्यात काम केलेली. भूमिका मात्र नायर स्त्रीची. तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल थिएटरात चित्रपट लागला तेव्हा सवर्णांनी पडद्यावर दगड भिरकावले. नायर स्त्रीच्या वेषात पुलया बाई, तिच्या केसांतल्या फुलाचे नायक चुंबन घेतो, हे त्यांना सोसले नाही. तिची झोपडी जाळण्यात आली. ती रातोरात तामीळ मुलुखाकडे पळाली, एका लॉरीचालकाशी लग्न केले आणि उरलेले आयुष्य राजम्मल या नावाने, आपण कोण होतो हे न सांगता काढले. तिचा मूकपट आज उपलब्ध नाही. इथे आवाजाचा, बोलीचा, उच्चाराचा प्रश्नच नव्हता. पडद्यावर एक शब्द उच्चारला गेला नव्हता. नुसते शरीर पुरेसे झाले.

रोझी आणि अंबू एकाच वेळी पडद्यावर आल्या, ही गोष्ट कोणत्याही चित्रपटेतिहासात एका पानावर लिहिलेली मी वाचली नाही. एकीचा प्रवास साताठ दशकांचा झाला, दुसरीचा एका चित्रपटाचा. दोघींच्या अभिनयातला फरक शोधायला जागाच नाही, कारण दोघींचेही ते मूकपट आपल्या पाहण्यात येत नाहीत. देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची, तोवर बहुतेक संपले होते. ती फिल्म पेट घेणारी होती, आणि तिच्यात चांदीचा अंश असे. कित्येक प्रती चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. शेकडो बायांच्या तरुणपणीच्या मेहनतीचे मोल अखेर तोळ्यांत झाले.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलू लागला. या घटनेचे वर्णन नेहमी तंत्राचा चमत्कार म्हणून होते. नटनट्यांच्या बाजूने पाहिले तर ती कामगारकपात होती. ज्यांना हिंदुस्थानी बोलता येत नव्हते, गाता येत नव्हते, त्यांची गरज संपली. सुलोचनासारख्या अव्वल नटीला सुमारे वर्षभर थांबून भाषा शिकून घ्यावी लागली. बाकीच्या कित्येकींची नावे श्रेयनामावलीतून गेली ती कायमची.

पण भाषा येणे आणि 'भाषा' येणे यांत फरक आहे. बोलपटाला हवी होती ती विशिष्ट मराठी. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर घडलेली, पांढरपेशांच्या घरात बोलली जाणारी. बोलक्या पडद्याने माणसाच्या जिभेवरून त्याचे घर ओळखायची सोय केली. आम्हा खेड्यातून आलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. घरात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेला मी, एका नामवंत म्हणवणाऱ्या संस्थेत मुलाखतीला गेलो असता, बोलण्यात 'करून राहिलो' असे आले आणि समोरचे तिघे हसले. प्रश्न इतिहासाचा होता, हसू बोलीचे होते. पडद्यावर हे हसू फार लवकर व्यवसायाचा भाग झाले: शुद्ध बोलतो तो नायक, आणि गावरान बोलतो तो गडी, मोलकरीण किंवा विनोदी पात्र. दुर्गाबाई खोट्यांच्या 'प्रतिष्ठेत' त्यांच्या उच्चारांचा वाटा किती होता, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. मांडायला हवा.

या उलथापालथीत अंबू टिकली. शाळा न शिकलेली ही मुलगी बोलपटाला पुरी पडली, कारण तिला गाता येत होते आणि कंपनीच्या तालमीत ती बोलायला शिकली होती. पण त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ती केवळ टिकून राहायला पाहत नव्हती. १९३२ साली, बोलपट आलेला असताना, तिने 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीत भागीदारी केली आणि त्यात काम केले. वय सोळा. व्यापारी दृष्टीने हा शहाणपणा होता की नव्हता, यावर वाद घालता येईल. तालुक्या-तालुक्याच्या थिएटरांत बोलपटाची यंत्रे एका दिवसात पोचली नव्हती, मुका पडदा काही काळ चालणारच होता. ज्या वर्षी दुर्गाबाईंच्या तारामतीने चित्रपटाला प्रतिष्ठा आल्याचे लिहिले जाते, त्याच वर्षी एक शाळेत न गेलेली सोळा वर्षांची मुलगी चित्रपटात भांडवल आणि नाव घालत होती. इतिहासाने पहिली घटना ठळक छापली आणि दुसरी तळटीपेत टाकली.

१९३५ चा 'हिम्मत-ए-मर्दां' हा तिला बोलपटाची नायिका म्हणून नाव देणारा चित्रपट. त्यातले तिने स्वतः गायलेले गाणे गाजले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला तिच्या जन्मगावी, येवल्याला, बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. जिल्हा तोच. १९३० च्या मार्चपासून काळाराम मंदिराच्या दारात आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या तो नाशिक जिल्हा, आणि फाळक्यांचा जन्म झाला, कारखाना उभा राहिला तोही नाशिक जिल्हाच. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध ओढूनताणून जोडायचा नाही. पण एकाच गावातून पाच-सात वर्षांच्या अंतराने दोन वाटा निघाल्या, आणि मराठी वाचकाला येवले म्हटले की पैठणी आठवते, ही वस्तुस्थिती आपल्या सांस्कृतिक स्मरणाबद्दल बरेच सांगते.

१९३७ साली ललिताबाईंनी 'दुनिया क्या है' काढला. निर्मिती त्यांची, भूमिकाही त्यांची. आधार टॉलस्टॉयच्या 'पुनरुत्थान' या कादंबरीचा. एका जमीनदार घराण्यातला तरुण घरातल्या आश्रित दासीला नादी लावतो आणि टाकून देतो. ती वेश्या होते. पुढे खुनाच्या आरोपाखाली न्यायालयात उभी राहते तेव्हा ज्युरीत तोच पुरुष बसलेला असतो. एकवीस वर्षांच्या नटीने स्वतःच्या पैशाने करायला ही कथा निवडली, हे मला त्यांच्या पुढच्या सर्व पुरस्कारांपेक्षा महत्त्वाचे वाटते. न्याय करणारा आणि गुन्हा घडवणारा एकच असतो, ही गोष्ट आपल्या गावगाड्यात कोणाला नवी आहे? 'पतिते'चा उद्धार करणाऱ्या सुधारकी कथा तेव्हा पुष्कळ होत्या. टॉलस्टॉयची कथा वेगळी अशासाठी की, तिच्यात उद्धाराची खरी गरज त्या पुरुषाला आहे.

त्याच दशकाच्या अखेरीस भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्ये त्या होत्या. १९४१ साली मास्टर विनायकांच्या 'अमृत'मध्ये त्यांनी चांभाराच्या बायकोची भूमिका केली. कथा वि. स. खांडेकरांची, विषय कोकणातल्या गावातले दारूचे व्यसन. ही भूमिका त्यांच्या चांगल्या कामांत गणली जाते. तेव्हाच्या सुधारकी लेखकाला अस्पृश्याच्या झोपडीत शिरावेसे वाटले, हे खरे; पण शिरल्यावर त्याला तिथे दारूचा गुत्ता दिसला. चामडे कोणी कमवायचे आणि त्याचा मोबदला कोणी ठरवायचा, हा प्रश्न दिसला नाही. चांभारणीची भूमिका चांभारणीने करावी असा हट्ट मी धरणार नाही. अभिनय म्हणजे दुसऱ्याच्या कातडीत शिरणे. एवढेच म्हणायचे, की व्यापाऱ्याच्या मुलीला चांभारीण होता आले आणि टाळ्या मिळाल्या. पुलया मुलीला नायर स्त्री होता आले नाही, दगड मिळाले. कातडीत शिरण्याची मुभा वरून खाली आहे, खालून वर नाही.

इथे आपल्या चळवळीकडेही वळायला हवे. तमाशातल्या महार स्त्रियांच्या कमाईचा पैसा पठ्ठे बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केला आणि बाबासाहेबांनी तो नाकारला, अशी आठवण आपल्यात सांगितली जाते. जून १९३६ मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या, मुरळी-देवदासी म्हणून सोडलेल्या बायांच्या सभेत त्यांनी ते जिणे सोडून देण्यास सांगितले. हा नकार आवश्यकच होता. ज्या कलेची किंमत बाईच्या अब्रूत मोजली जाते, ती कला म्हणून मिरवणे हा गुलामीचाच शृंगार होय. आपल्या आया-आज्यांनी पायातले चाळ सोडले आणि मुलींच्या हातात पाटी दिली, म्हणून आज आपल्या मुली वर्गात बसतात.

पण हिशेब इथे संपत नाही. आपण चाळ सोडले त्याच वर्षांत बोलपटाला गाणारी, नाचणारी बाई हवी झाली. लावणी, वग, सवालजवाब यांचे भांडवल झाले. पुढच्या दशकांत मराठी तमाशापटांनी त्यावर गल्ले भरले. फडावरची चाल पडद्यावर गेली, ठेका गेला, साडीचा काष्टा गेला, आणि ज्या बायांनी ते सारे घडवले होते त्या गेल्या नाहीत. त्यांच्यासाठी फडात अप्रतिष्ठा होती आणि पडद्यावर जागा नव्हती. नकार आपला बरोबर होता. त्या नकाराची किंमत मात्र एकट्या त्यांनी मोजली आणि नफा तिसऱ्यानेच घेतला. पवळाबाई १९३९ साली गेली. १९५० मध्ये 'पठ्ठे बापूराव' नावाचा चित्रपट आला. नावातही ती नव्हती.

१९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात, मास्टर भगवान यांनी ललिताबाईंना थप्पड मारायचा एक प्रसंग होता. ती थप्पड खरोखरीच जोरात बसली. चेहऱ्याला लकवा झाला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. उपचार दीर्घकाळ चालले. वय सव्वीस. नायिकेच्या भूमिका संपल्या.

हा प्रसंग चित्रपटांवरच्या सदरांतून रंगवून सांगितला जातो. त्याचा शेवट बहुधा असा असतो की, त्या बारीक झालेल्या डोळ्याने तिला खलनायिका म्हणून अजरामर केले, म्हणजे झाले ते बरेच झाले. गिरणीत कामगाराचा हात साच्यात गेला तर त्याला अपघात म्हणतात. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून आहे. हात तुटल्यामुळे तो पुढे उत्तम पहारेकरी झाला, असे कोणी लिहीत नाही. नटीचा चेहरा हे तिचे हत्यार आणि तिचे भांडवल. ते कामावर असताना निकामी झाले, एवढीच साधी गोष्ट. पण बाईचे श्रम श्रम मानायचेच नाहीत असे एकदा ठरले की, तिचा अपघात नशिबाच्या खाती टाकता येतो.

त्या परतल्या, आणि परतल्या त्या वेगळ्या दारातून. १९४४ च्या 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' केला म्हणून अडीचशे वर्षे मराठी माणूस जिला शिव्या देतो ती. राघोबाच्या सत्तालोभाचा अर्धा भार तिच्या बोरूवर टाकलेला आहे. १९५२ चा 'दाग', १९५५ च्या 'श्री ४२०'मधली केळेवाली, १९५९ च्या 'अनाडी'तली मिसेस डिसा, जिच्यासाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. सातशेच्या घरात चित्रपट. केळेवाली आणि मिसेस डिसा या भूमिकांत त्यांच्यातली माया आणि मिस्कीलपणा दिसतो. तरीही लोकांनी लक्षात ठेवली ती सासूच. ज्या समाजात सून जाळली जाते तिथे सगळा दोष सासूच्या डोळ्यात साठवता आला, तर सासऱ्याला आणि नवऱ्याला पेपर वाचत बसता येते.

मंथरा त्यांनी दोनदा केली. १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये आणि पुन्हा १९८७ च्या मालिकेत, सत्तरी ओलांडल्यावर. वाल्मीकीच्या रामायणात मंथरा ही कैकेयीच्या माहेराहून आलेली दासी आहे, पाठीला कुबड असलेली. वर कैकेयी मागते, दशरथ देतो, वनवासाला राम जातो. आणि भरत-शत्रुघ्न परतल्यावर शत्रुघ्न फरफटत नेतो ती मंथरेला. बाईला मारले तर रामाला आवडणार नाही म्हणून भरत तिला सोडवतो. राजवाड्यातल्या सगळ्यांना त्या कथेत पुढे काही ना काही क्षमा मिळते. दासीचे नाव मात्र आमच्या गावात आजही भांडण लावणाऱ्या बाईला शिवी म्हणून वापरतात. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात ललिताबाई वारल्या. ज्या पुण्यात अंबू अठरा रुपयांवर कामाला लागली होती, तेच पुणे. तिच्या त्या वर्षांतल्या चेहऱ्याची आठवण असणारे प्रेक्षक तेव्हा फारसे उरले नव्हते, आणि तो चेहरा दाखवणारी फिल्मही.